मनमाड यार्डाच्या कडेने

मनमाडला उतरणारा माणूस एकतर शिर्डीला निघालेला असतो, नाहीतर पुढची गाडी धरायला. मी नुसतं यार्ड बघायला उतरलोय, हे रिक्षावाल्याला पटेना. "यार्डात काय बघायचं, भाऊ?" नवे रूळ टाकताहेत ते बघायचेत म्हटल्यावर त्याने एकदा माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि काही न बोलता पानेवाडीच्या अंगाला, यार्ड जिथे निमुळतं होत जातं तिथे, रस्त्याच्या कडेला सोडलं.

मनमाड हे गाव रेल्वेनेच मोठं केलं. दौंडहून येणारी लाइन १८७८ साली इथे जोडली गेली आणि थळ घाटातून येणारा व भोर घाटातून जाणारा असे दोन्ही मुख्य मार्ग एकमेकांना मिळाले. छत्रपती संभाजीनगरकडची लाइन १९९०च्या दशकापर्यंत मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीची होती, त्यामुळे माल इथे एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे. आता सगळा ब्रॉडगेजचा कारभार. जळगावपर्यंतच्या १६० किलोमीटरवर तिसऱ्या लाइनचं काम टप्प्याटप्प्याने होत आलंय आणि त्याच पट्ट्यात चौथीला नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मला बघायचं होतं ते हे, की कागदावरची लाइन जमिनीवर आधी कुठे दिसते.

एक नियम मात्र पक्का. रुळांवर पाय ठेवायचा नाही. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि तसंही वाचण्यासारखं बरंचसं कडेलाच असतं.

लाइन पहिल्यांदा दिसते ती मोऱ्यांत, म्हणजे रुळांखालून पाणी जाऊ देणाऱ्या छोट्या पुलांत. रूळ, खांब, सिग्नल हे सगळं नंतर येतं. मी उभा होतो त्याच्या पुढेच नाल्यावरची एक जुनी दगडी मोरी होती आणि तिला शेजारी नव्या काँक्रीटची बॉक्स मोरी जोडलेली. नवी लांबी पावलांनी रस्त्यावरूनच मोजली. नव्या लाइनी टाकताना शेजारच्या दोन लाइनींच्या मध्यांतलं अंतर ५.३ मीटर धरतात. त्यात कडेचा उतार मिळवला तरी एका लाइनीला लागेल त्यापेक्षा ही मोरी बरीच लांब होती. भराव सध्या एकाच लाइनीपुरता होता, पण मोरी बांधणाऱ्याने दुसरीची सोय आधीच करून ठेवली होती. पुढे-मागे मोरी वाढवायची तर पुन्हा नाला अडवा, पुन्हा चालू रुळांशेजारी खोदा. त्यापेक्षा काही मीटर काँक्रीट आज जास्त ओतलेलं परवडतं.

भरावाचीही एक गंमत आहे. या भागात काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट रूळ टाकले तर दर पावसाळ्यानंतर पातळी हलणार. म्हणून काळी माती जिथे उपसलीय तिथे खालच्या थरात मुरूम, वर निवडक खड्यांचा ब्लँकेट थर आणि त्यावर खडी, असे रंगाचे पट्टे कापलेल्या कडेला स्पष्ट दिसत होते. केक कापल्यावर दिसतात तसे.

पुढे रस्त्यालगत रुळांचे ढीग होते. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत बोलकी वस्तू हीच, आणि लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात: कारखान्याची खूण, ६०ई१, आर२६०, आणि तयार केल्याचा महिना व साल. ६० म्हणजे मीटरला साधारण ६० किलो वजन; २६० हा पोलादाच्या कठीणपणाचा आकडा. एका ढिगावरची अक्षरं कोरी आणि साल ताजं होतं. दुसऱ्यावरचं साल बरंच जुनं, आणि रुळाच्या माथ्याची एक कड झिजून तासल्यासारखी झालेली. म्हणजे हे मुख्य लाइनीतून काढलेले रूळ. ते यार्डातल्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या लाइनींना जाणार, जिथे मालगाड्या हळू सरकतात. कोणता ढीग कुठे ठेवलाय यावरून मेन कोणती आणि सायडिंग कोणती हे नकाशाशिवाय कळतं.

एक ट्रॅकमन केशरी जॅकेट घालून सावलीला बसले होते. "दादा, इथे क्रॉसओव्हर होणार का?" एका लाइनीवरून शेजारच्या लाइनीवर गाडी वळवणारा जोड म्हणजे क्रॉसओव्हर.

"कशावरून म्हणता?"

मी स्लीपरच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांच्या, ढिगाकडे बोट दाखवलं. साधे काँक्रीट स्लीपर एकाच मापाचे असतात, पण पॉइंटखालचे, म्हणजे रूळ जिथे फाटतात तिथले, क्रमाक्रमाने लांब होत जातात आणि प्रत्येकाला आपला नंबर असतो. ते हसले. "बरोबर. पण कुठला सांगा. एकास बारा की साडेआठ?" मला तेवढं सांगता येईना. मग त्यांनीच समजावलं: एकास साडेआठ म्हणजे फाटा झपकन वळतो, जागा कमी लागते, यार्डात मालगाड्यांना चालतो. प्रवासी गाडी जिथून वळवायची तिथे एकास बारा. "साहेब, वळण जेवढं सरळ तेवढं गाडीत चहा कमी सांडतो."

चालू लाइनीवर ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, मिळाल्यावर टॅम्पिंग मशीन आलं. लोखंडी फाळ स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत घुसतात, सेकंदाला ३५ वेळा थरथरतात, खडी स्लीपरखाली दाबतात आणि वर येतात. मग मशीन पुढच्या स्लीपरवर. आवाज कानठळ्या बसवणारा, तरी मी तिथून हललो नाही. मशीन गेल्यावर मागे रूळ ताणलेल्या दोरीसारखा सरळ नव्हता झाला. असं एकदा करून भागत नाहीच. नवी लाइन अशी अनेकदा दाबून घेतात, आणि प्रवासी गाड्या सोडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, हे ऐकून अजूनही लोक माझी चेष्टा समजतात.

दुपारी पॅसेंजरने चाळीसगावकडे निघालो, काम असलेल्या बाजूची खिडकी धरून. नव्या भरावावर कुठेकुठे रूळ पोहोचले नव्हते, पण विजेच्या तारांच्या खांबांचे पाये तयार होते, नुसते बोल्ट वर आलेले. रुळाआधी खांबांचा हिशेब लागतो, कारण पाया एकदा बसला की लाइन इकडेतिकडे सरकवता येत नाही. हिसवहळ स्टेशनात आम्ही लूपवर, म्हणजे मेनच्या बाजूच्या लाइनीवर, उभे राहिलो आणि शेजारच्या मेनवरून एक एक्स्प्रेस धडाडत गेली.

समोरच्या आजोबांनी मला विचारलं, "ही नवी लाइन झाली की आपली गाडी अशी थांबणार नाही ना?"

मालगाड्यांसाठीचं थांबणं कमी होईल, मी म्हटलं, पण मागून एक्स्प्रेस आली तर पॅसेंजरला बाजू द्यावीच लागेल.

"म्हणजे रूळ वाढले तरी आपली रांग तीच," म्हणत त्यांनी शेंगदाण्याची पुडी उघडली आणि माझ्यापुढे धरली.