बालेवाडीहून अमेरिकेतील विद्यापीठ संघापर्यंत : माझा अनुभव

अमेरिकेतील विद्यापीठाच्या जलतरण संघात जागा मिळवण्यासाठी मी दीड वर्ष खटपट केली. सुरुवातीला राज्य स्पर्धेतील पदकांची यादी जोडून वीसएक प्रशिक्षकांना ई-मेल पाठवले आणि एकाचेही उत्तर आले नाही. तेव्हा बालेवाडीच्या तलावावर मला शिकवणारे सर म्हणाले, "अरे, पदकं घरी ठेव, टायमिंग पाठव." मग मी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची वेळ (१ मिनिट ४.२ सेकंद), ती कोणत्या स्पर्धेत नोंदली गेली आणि त्या शर्यतीची सलग चित्रफीत एवढेच पाठवू लागलो, आणि महिन्याभरात चार ठिकाणांहून विचारणा झाली. आपण ५० मीटरच्या तलावात पोहतो, तर तेथील विद्यापीठांच्या मुख्य स्पर्धा २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात होतात. म्हणून प्रशिक्षक आपली वेळ यार्डांत बदलून स्वतःच्या मुलांच्या वेळांशेजारी ठेवतात. पालकांनी ई-मेल लिहिण्यापूर्वी हीच तुलना घरी करावी, असे मी आवर्जून सांगेन, कारण तेथील स्पर्धांचे निकाल सर्वांना पाहता येतात.

खरा वेळ गेला तो कागदपत्रांत. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पात्रता केंद्राला नववीपासूनची गुणपत्रके हवी असतात आणि त्यांतून १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे दिसावे लागते. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात, आणि नववी व अकरावीला बोर्डाची परीक्षाच नसते; त्यामुळे त्या दोन वर्षांची गुणपत्रके सही-शिक्क्यानिशी मिळवण्यासाठी आईने एका कार्यालयात सहा आठवडे हेलपाटे घातले. शिवाय आपण हौशी खेळाडू आहोत हे सिद्ध करण्यासाठी आजवर मिळालेल्या प्रत्येक बक्षिसाची प्रामाणिक माहिती द्यावी लागते. व्हिसा त्यामानाने लवकर झाला.

संघात दाखल झाल्यावर मात्र माझी पोहण्याची समजूतच बदलली. टेक्सास विद्यापीठाच्या पुरुष संघाने एडी रीस यांच्या मार्गदर्शनाखाली १९८१ ते २०२१ या काळात १५ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, हे मी पुण्यात असतानाच वाचले होते. पण अशी पदे कशी मिळतात, ते तिथे राहून कळले. राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक शर्यतीतील पहिल्या क्रमांकाला २० गुण मिळतात, सोळाव्यालाही १ मिळतो, आणि रिलेत हेच गुण दुप्पट होतात. रीस यांच्यानंतर २०२४ मध्ये मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन टेक्सासला आले आणि २०२५ चे अजिंक्यपद त्यांच्या संघाने ४९० गुणांनी जिंकले. दुसऱ्या आलेल्या कॅलिफोर्नियाचे, म्हणजे बर्कलीच्या संघाचे, ४७१ गुण होते. फरक १९ गुणांचा, म्हणजे एका सुवर्णपदकापेक्षाही कमी! चौदावा किंवा पंधरावा येणारा मुलगा अशा संघाला किती मोलाचा असतो, हे त्यावरून लक्षात यावे.

आमचा संघ त्या तोडीचा नव्हता, पण हिशेब हाच होता. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते, त्यामुळे कोच सरावातला एकही सेट (ठरावीक अंतरे ठरावीक वेळा पोहण्याचा टप्पा) वाया जाऊ देत नसत. आपल्या ५० मीटरच्या तलावात १०० मीटरला टर्न, म्हणजे भिंतीशी वळणे, एकदाच, तर तिथल्या १०० यार्डांत तीनदा. माझे टर्न कच्चे होते आणि पहिल्या हंगामाचा निम्मा सराव भिंतीपाशीच गेला.

पहिल्या वर्षीच्या कॉन्फरन्स स्पर्धेत, म्हणजे आमच्या गटातील विद्यापीठांच्या स्पर्धेत, मी सकाळच्या हीटमधून (प्राथमिक फेरीतून) पंधरावा, म्हणजे संध्याकाळच्या दुसऱ्या अंतिम फेरीत (नववा ते सोळावा क्रमांक ठरवणाऱ्या) आलो. पुण्यात पंधराव्या क्रमांकाकडे मी स्वतःही पाहिले नसते. इथे सगळा संघ माझ्या लेनच्या टोकाशी उभा राहून ओरडत होता. मी तेरावा आलो. पाण्याबाहेर आल्यावर कोचनी खांद्यावर हात ठेवला, सहायकाने टिपून ठेवलेल्या टर्नच्या वेळा दाखवल्या आणि म्हणाले, दुसऱ्या टर्नला दोन दशांश सेकंद गेले आहेत, सोमवारी तिथूनच सुरुवात करू.