लेझर: काखेच्या सात सिटिंग, हनुवटीच्या नऊ

नको असलेले केस घालवणाऱ्या लेझरच्या आदल्या रात्री केस काढायचे, पण रेझरनेच. वॅक्स नाही, दोरा नाही, चिमटा नाही, एपिलेटर तर मुळीच नाही. हे असं का, ते कळलं की लेझर निम्मं कळलं. लेझरचा प्रकाश केसातल्या मेलॅनिनमध्ये, म्हणजे केसाच्या काळ्या रंगात, शोषला जातो. तिथे त्याची उष्णता होते आणि मुळाभोवतीच्या, केस पुन्हा उगवणाऱ्या पेशी भाजतात. वॅक्सने मूळ उपटून आलेलं असेल तर आत प्रकाश शोषायला काहीच उरत नाही. सिटिंग होते, पैसे जातात, फरक शून्य. उलट केस न काढता गेलात तर तो कातडीवरच जळतो आणि चटका कातडीला बसतो. वर खुंटही नको आणि आत मूळ शाबूत हवं, आणि हे फक्त रेझरने जमतं.

त्यामुळे तयारी सिटिंगच्या बरीच आधी सुरू होते. माझं शेवटचं वॅक्सिंग नवरात्राच्या आधीचं, पहिली सिटिंग नोव्हेंबरच्या अखेरीस. मध्ये किमान चार ते सहा आठवडे काही उपटायचं नाही. अख्खी दिवाळी हनुवटीवर कात्री आणि रेझर चालवून काढली. रेझर फिरवला की केस जाड येतात ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे, पण तसं होत नाही. टोक आडवं कापलं जातं म्हणून खुंट खरखरीत लागतो एवढंच.

नोव्हेंबर निवडला तो उन्हामुळे. रापलेल्या कातडीत वरच्या थरातच मेलॅनिन वाढलेलं असतं. केसासाठी सोडलेला प्रकाश मग वाटेतच शोषला जातो आणि डाग पडतात. पुण्यात मार्च ते मे स्कूटीवर फिरणाऱ्यांचे हात आणि चेहरा हमखास रापतो. तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवायच्या आपल्या पद्धतीची बाहेरगावचे लोक टिंगल करतात, पण हनुवटीच्या लेझरसाठी ती फारच कामाची. फक्त स्कार्फ सुती हवा, आणि त्याखाली एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन हवंच. पातळ कापडातून ऊन आत येतं.

पहिली भेट निव्वळ प्रश्नोत्तरांची होती, आणि व्हायलाच हवी होती. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर केस कधीपासून, ओठावर ताप उतरल्यासारखे फोड येतात का (येत असतील तर आधी विषाणूविरोधी गोळी देतात), जखम झाली की वण फुगून वर येतो का, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू आहे का. गरोदरपणात लेझर करत नाहीत. जिथे लेझरचा सौदा थेट रिसेप्शनवरच होतो आणि यातलं काहीच विचारत नाहीत, तिथून उठावं. बोर्डावर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलं म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ होत नाही. त्वचारोगातली एमडी ही पदवी किंवा डीडीव्हीएल ही पदविका आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघावा. मशीन बहुतेक ठिकाणी टेक्निशियनच चालवते, त्याला हरकत नाही. पण आकडे डॉक्टरने ठरवलेले असावेत आणि डॉक्टर त्या वेळी आवारात असावेत.

हनुवटीच्या जाड केसांसाठी आधी रक्त तपासायला सांगितलं: टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, शिवाय सोनोग्राफी. पीसीओडी, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोनचा बिघाड, असेल तर लेझर आजची मुळं भाजतं. उद्या हार्मोन नवी लव जाड करत राहतात. मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी घडी असेल तर तीही इन्सुलिनची गडबड सुचवते. ती लेझरने जात नाही.

आता मशीन. ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला चांगलं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला ८१० च्या आसपासचं डायोड किंवा १०६४ चं एनडी-याग. तरंगलांबी जितकी जास्त, तितका प्रकाश वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो; म्हणून सर्वांत सावळ्या कातडीला १०६४ सर्वांत सुरक्षित. पण तोच प्रकाश केसातही कमी शोषला जातो, त्यामुळे बारीक लवेवर त्याचा जोर पडत नाही. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, तो अनेक तरंगलांबींचा झगझगीत दिवा असतो. पॅकेजच्या कागदावर मशीनचा प्रकार लिहून मागावा. ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’ म्हणजे काहीच नव्हे.

माझ्यासाठी डायोड ठरलं. कानामागे, मग हनुवटीखाली दोन-तीन टेस्ट शॉट दिले आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. सावळ्या कातडीवर डाग लगेच दिसत नाही, काही दिवसांनी वर येतो. टेस्ट करून दहा मिनिटांत सिटिंग सुरू करणं म्हणजे टेस्ट न करणंच.

प्रत्यक्ष सिटिंग काखेला जेमतेम दहा मिनिटांची. डिओडरंट, पावडर पूर्ण पुसून काढतात. तीळ पांढऱ्या पेन्सिलने झाकतात, कारण तिळातही मेलॅनिनच असतं. गोंदणावर लेझर मारतच नाहीत. डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा, आणि तो खोलीतल्या प्रत्येकाने घालायचा. टेक्निशियनने नसेल घातला तर तिला टोकावं. भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीत लेझर कधीच नाही. मग थंड जेल, आणि हँडपीसची, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या भागाची, गार केलेली नीलमण्याची खिडकी कातडीवर दाबून एकेक शॉट. दाबणं महत्त्वाचं: रक्त बाजूला सरतं, मूळ प्रकाशाच्या जवळ येतं आणि वरची कातडी गार राहते. रबर बँड ओढून सोडावा तसा फटका, वर केस जळाल्याचा वास. तो धूर फुप्फुसाला चांगला नाही, म्हणून शेजारी धूर ओढणारं यंत्र चालू हवं.

दर सिटिंगला मी स्क्रीनवरचे आकडे वहीत उतरवत गेले. काखेला पहिल्यांदा दर चौरस सेंटिमीटरला १६ जूल ऊर्जा, एका शॉटचा वेळ ३० मिलिसेकंद. शेवटी २२ जूल. केस विरळ आणि बारीक होत गेले की जूल वाढवत नेतात. सहाव्या सिटिंगलाही पहिलाच आकडा दिसला तर का, ते विचारायचं. मात्र हे आकडे दुसऱ्या मशीनशी ताडून पाहू नयेत. काही डायोडांत हँडपीस कातडीवर सतत फिरवत ठेवतात, सेकंदाला दहापर्यंत शॉट, प्रत्येक शॉट कमी जुलांचा, आणि एकूण ऊर्जा किलोजूलमध्ये मोजतात. तिथे दुखतं कमी. ठरलेली किलोजूल भरण्याआधी हात थांबला तर परिणामही कमी.

दुखेल म्हणून घरूनच बधिर करणारी क्रीम फासून जाणं धोक्याचं आहे. लिडोकेन-प्रिलोकेनची क्रीम दोन्ही पायांना लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात जातं. त्याने झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हनुवटीएवढ्या जागेला, डॉक्टर सांगतील तेवढीच. मी लावलीच नाही. कातडी बधिर असली की चटका जास्त बसतोय हे सांगणारं कोणी उरत नाही.

सिटिंगनंतर प्रत्येक केसाच्या तोंडाशी लाल, फुगीर ठिपका उठतो, गारठ्याने काटा यावा तसा. हे बरोबर झाल्याचं लक्षण आहे, काही तासांत, फार तर दोन दिवसांत बसतं. बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, थेट नाही. एक-दोन दिवस गरम पाणी, जिम, पोहणं, डिओडरंट बंद. पाणी भरलेला फोड, किंवा खिडकीच्याच आकाराचा तपकिरी चौकोन दिसला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. असे चौकोन पडण्याचं एक साधं कारण: जळालेले केस खिडकीला चिकटून काळे होतात, पुढच्या शॉटला ते तापतात आणि कातडीला डाग देतात. दर काही शॉटनंतर खिडकी पुसली जातेय ना, हे झोपल्या झोपल्या बघता येतं.

त्यानंतर सगळ्यांना घाबरवणारा भाग. आठवड्याभरात केस ‘उगवतात’. ते उगवत नसतात. जळालेले तुकडे वर सरकत बाहेर पडत असतात. आंघोळीच्या वेळी बोटाने ओढले तर अलगद हातात येतात, मुळाशी काळ्या ठिपक्यासारखे. तीन आठवड्यांपर्यंत हे चालतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या डाव्या काखेत मात्र एक सरळ पट्टी दिसली, खिडकीएवढीच रुंद, केसांनी भरलेली. तिथे शॉटच पडले नव्हते. दोन शॉट थोडे एकमेकांवर चढावे लागतात. जेल पुसलं गेलं की टेक्निशियनला कुठवर आलो ते कळत नाही. फोटो काढून ठेवला, तेवढी पट्टी पुन्हा पैसे न घेता भरून दिली. फोटो नसता तर ‘हार्मोनचं असेल’ ऐकावं लागलं असतं.

अंतराचं गणित पॅकेज विकणारे सर्वांत जास्त बिघडवतात. कुठल्याही क्षणी काही केस वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे झोपलेले. लेझर लागू पडतं ते वाढत्या केसाला, कारण त्याचंच मूळ रंगाने भरलेलं आणि पेशींशी जोडलेलं असतं. झोपलेले उठेपर्यंत थांबावं लागतं. चेहऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे, काखेला सहा ते आठ, पायांना आठ किंवा जास्त. शिवाय अंतर वाढत गेलं पाहिजे. माझ्या काखेचं सहा, सहा, सात, आठ, आठ, दहा असं गेलं. लग्नाला तीन महिने असताना ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये पंधरवड्याला एक अशा सहा सिटिंग घेतल्या तर त्यातल्या निम्म्या झोपलेल्या केसांवरच जातात. लग्न वैशाखात असेल तर आदल्या वैशाखात विचारायला जावं. पैसे सिटिंगप्रमाणे भरावेत, निदान अर्धे तरी हातात ठेवावेत.

काखेचं काम वर्षभराच्या आत आटोपलं. पाचेक महिन्यांनी चार-दोन बारीक केस येतात, त्यांना रेझर पुरतो. ‘कायमचे केस काढणे’ ही जाहिरातीची भाषा. खरा शब्द आहे कायमची घट. वॅक्सिंग थांबल्याने काखेचा काळेपणाही उतरला, तो मात्र लेझरने नव्हे, ओढाताण थांबल्याने.

हनुवटी वेगळीच. तिथे नऊ झाल्या आणि अजूनही दर तीन महिन्यांनी एक घ्यावी लागते. जबड्याच्या कडेला, जिथे नुसती लव होती, तिथे मी शॉट घेऊ दिले नाहीत. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः सावळ्या कातडीच्या आणि हार्मोनची गडबड असलेल्या बायकांत, कमी पडलेल्या उष्णतेने बारीक लव उलट जाड होऊ शकते. तिथे दोराही नको, तशीच सोडलेली बरी.

हनुवटीवर दोन पांढरे केस आहेत. त्यांत रंगच नाही, तेव्हा लेझरच्या लेखी ते नाहीतच. सुईने एकेक मूळ जाळणारं इलेक्ट्रोलिसिस तेवढं त्यांना चालतं. दोन केसांसाठी तिथवर कोण जाणार. ते मी चिमट्याने उपटते, आणि या सगळ्या प्रकारात उपटायला हरकत नसलेले केस तेवढेच.