सॅन होजे ते ऑस्टिन, ट्रक आपणच चालवत

नवऱ्याचं ऑफिस कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून टेक्सासमधल्या ऑस्टिनला हललं तेव्हा पहिला फोन वकिलांना केला. एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, असताना दुसऱ्या महानगरातल्या ऑफिसात रुजू व्हायचं, तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. त्याची पावती आली आणि मगच सामानाचं बघायला घेतलं.

मूव्हर्सना, म्हणजे सामान हलवून देणाऱ्या कंपन्यांना, फोन केले. पलीकडे बोलणारे बरेचसे नुसते दलाल, ट्रक भलत्याचाच. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान नेणाऱ्याकडे यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक, असावाच लागतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. एकाने तर नंबर विचारल्यावर विषयच बदलला. शिवाय साध्या हमीत भरपाई मिळते पौंडामागे ६० सेंट; १० पौंडांचा मिक्सर फुटला तर हातात ६ डॉलर! मग यू-हॉल या भाड्याने ट्रक देणाऱ्या कंपनीचा १५ फुटी ट्रक घेऊन आपणच चालवायचं ठरलं. त्याला वेगळं लायसन्स लागत नाही.

भाड्याचं गणित दिशेवर चालतं. कॅलिफोर्नियातून टेक्सासला जाणारे जास्त, परतणारे कमी, त्यामुळे रिकामे ट्रक तिकडे साठतात. तोच ट्रक ऑस्टिनहून सॅन होजेला आणायचा तर भाडं कितीतरी कमी दिसत होतं. महिन्याच्या मधला, आठवड्याच्या मधला वार धरला की थोडं उतरतं. पेट्रोल मात्र विसरू नका: गॅलनला १० मैल धरा, आणि रस्ता १,७०० मैलांच्या वर.

जड सामान पुढे, केबिनच्या बाजूला. कपाटं आणि वॉशिंग मशीन भिंतीला टेकवून पट्ट्यांनी आवळलेली. केबिनच्या डोक्यावरच्या कप्प्यात देव्हारा आणि लोणच्याच्या बरण्या, रजयांमध्ये गुंडाळून. एकही बरणी फुटली नाही.

जिवावर आलं ते कढीपत्त्याचं झाड सोडून जाणं. सासूबाईंनी कुंडीत बीपासून वाढवलेलं, माझ्या खांद्याएवढं झालेलं. पण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. संत्र्या-लिंबांना ग्रीनिंग रोग देणारी कीड त्याच्यावरही पोसते, म्हणून अशी झाडं राज्याबाहेर न्यायला बंधनं आहेत. टेक्सासमध्ये संत्र्या-मोसंब्यांच्या बागा आहेत, त्यामुळे हा नियम मला पटतो. झाड शेजारच्या तमिळ मावशींकडे दिलं. सासूबाईंनी निघायच्या सकाळीही त्याला पाणी घातलं.

ताशी ५५ मैलांच्या वर ट्रक नेला नाही. पश्चिम टेक्सासात आय-१० या महामार्गावर वेगमर्यादा ८० आहे, बाकीच्या गाड्या सुसाट जातात, जाऊ द्यावं. एल पासोच्या पुढे सिएरा ब्लांकाजवळ बॉर्डर पेट्रोलचा, म्हणजे सीमा पोलिसांचा, नाका लागतो. देशाची सीमा ओलांडलेली नसतानाही तिथे थांबून उत्तरं द्यावी लागतात. पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि व्हिसाच्या मंजुरीचे कागद माझ्या पर्समध्ये होते, दोन मिनिटांत सुटलो. हे कागद खोक्यात गेले असते तर भर उन्हात ट्रक उपसावा लागला असता. कागदांची पिशवी सामानात टाकूच नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

पोचल्यावर गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत टेक्सासचं करून घ्यायचं. त्याआधी, १० दिवसांच्या आत, एआर-११ हा फॉर्म भरून नवा पत्ता इमिग्रेशनला कळवायचा. पोस्टात पत्ता बदलला म्हणून हे होत नाही. आणि फॉर्म घरटी एक नसतो, माणशी एक असतो. आम्ही नवऱ्याचा, माझा आणि सासूबाईंचा असे तीन भरले.