गिऱ्याची कादंबरी, महिना आठवा : नऊ हजार शब्द उडवले

मागच्या अपडेटला छाती फुगवून २६ हजार शब्द झाले म्हणून सांगितलं होतं, तर आज आकडा आहे २१,४००. टायपो नाहीये. नऊ हजार उडवले, मग चार हजार चारशे नवीन लिहिले, आणि गंमत म्हणजे आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटतंय की ही कादंबरी पूर्ण होईल.

नवीन आलेल्यांसाठी पटकन : दहा ते तेरा वयाच्या पोरांसाठी लिहितोय, गाव सिंधुदुर्गातल्या शिरोडा-आरवलीच्या आसपासचं पण नाव काल्पनिक, डोंबिवलीची अकरा वर्षांची मुलगी मे महिन्यात आजोळी जाते आणि व्हाळात (ओढ्यात) तिला गिरा, म्हणजे पाण्यातलं भूत, भेटतो. बस.

उडवलं काय, तर काळोखाचा सम्राट. होता हो असा एक. सह्याद्रीत काळा किल्ला, खवीस आणि झोटिंगांचं सैन्य, सगळं साग्रसंगीत. माझी भाची (वय बारा, एकमेव आणि बिनपगारी संपादक) हे वाचून म्हणाली, "मामा, पण खवीस त्याचं ऐकतात कशाला? पगार देतो का तो?" हसलो, आणि मग रात्री झोप लागेना. खरंच, कशाला ऐकतील? आपल्याकडची भुतं सैन्यात भरती होणारी नाहीतच. मुंजा त्याच्या पिंपळावर, गिरा त्याच्या पाण्यात, साती आसरा त्यांच्या डोहावर, जो तो आपापली जागा धरून. मी त्यांना गणवेश घालून परेड करायला लावत होतो.

आता कुणीतरी म्हणणार की अरे वेताळ आहे ना भुतांचा राजा, त्याची स्वारी निघते मशाली पेटवून. बरोबर. पण आरवलीला जाऊन बघा, तिथे तोच वेतोबा गावाचा देव आहे, लोक त्याला केळीचे घड देतात आणि चामड्याच्या ह्या एवढाल्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची गस्त घालतो आणि चपला झिजतात. त्या झिजलेल्या चपला मी लहानपणी बघितल्यात आणि अजून अंगावर काटा येतो. म्हणजे भुतांचा राजा म्हणावा तर तोच वॉचमन! हे घरात असताना मी काळा किल्ला कुठून उचलून आणला होता, देव जाणे. (देव जाणतोच.)

मग सम्राट काढल्यावर भोक पडलं, गोष्टीत भांडण कुणाशी? इथे दीड महिना अडकलो. त्या काळात जुन्या कोकणी लोकसमजुतींच्या नोंदी वाचत बसलो, इंग्रजीत आहेत, १९१५ मध्ये एन्थोव्हेन यांनी संपादित करून छापलेल्या. मूळ माहिती गोळा केली होती जॅक्सनने, हो, तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या. त्याने प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती, म्हणून नोंदीखाली सांगणारा कोण तर अमुक गावचे शाळामास्तर. कुठल्या तरी मास्तरांनी पोरांच्या वह्या बाजूला सारून समंध, लावसट, जखीण, अळवंत अशी भुतांची यादी लिहायला घेतली असेल हे चित्रच डोक्यातून जाईना, आणि ते मास्तर आता कादंबरीत आलेत, त्या मुलीचे पणजोबा म्हणून.

आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या गोष्टींत जादू म्हणजे शक्ती नसते, बोली असते. दिलेला शब्द. नवस बोललास तर फेड. श्रावणातल्या कहाण्या घ्या, उतणार नाही मातणार नाही घेतला वसा टाकणार नाही, आणि वसा टाकला की गेलंच सगळं. गिऱ्याचंही तेच, आमच्याकडे सांगतात की त्याचे केस कापून लपवले तर तो राबतो तुमच्यासाठी, पण रोज रात्री दाराशी येऊन केस मागतो, आणि परत दिलेत तर संपलात. म्हणजे ठेवले तर झोप नाही आणि दिले तर जीव नाही. माझ्या सम्राटाच्या नऊ हजार शब्दांत एवढा एकही ताण नव्हता.

तर आता भांडण असं : पणजोबा मास्तरांनी गिऱ्याशी काहीतरी बोली केली होती, ती फेडली नाही, आणि ते केस घरातच कुठेतरी आहेत. खलनायक कोणीच नाही. गिरा तर मला आता आवडायलाच लागलाय, रात्री खिडकीशी येऊन "माजे केस दी" एवढंच म्हणतो बिचारा.

या महिन्यातला सगळ्यात भारी सीन गाऱ्हाण्याचा. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी, मालवणी मुलखात एक जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मला आधी तो फक्त रंग भरायला हवा होता, पण भाची मागे गणपतीत गावी सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" ओरडत होती, कशाला हो म्हणतोय त्यातलं निम्मं तिला कळत नव्हतं, तेव्हाच टाळक्यात ट्यूब पेटली. माझ्या कादंबरीतली मुलगीही तशीच लयीत ओरडत राहते आणि मधे कुणीतरी एक वाक्य घुसवतं जे तिला समजत नाही, आणि ती "व्हय म्हाराजा" म्हणून बसते. बोली झाली. आता सुटका नाही. हे एका बैठकीत १,८०० शब्द आले, माझा रेकॉर्ड.

बोलीभाषेचा घोळ मात्र तसाच. आजीच्या तोंडी पूर्ण मालवणी ठेवली तर विदर्भातल्या पोराला अडखळायला होईल, प्रमाण केली तर आजी दूरदर्शनच्या बातम्या दिल्यासारखी बोलते. तळटीपा मला नकोत, गोष्टीच्या मधे मास्तर उभा राहतो. सध्याचा जुगाड असा की आजी मालवणीत बोलते आणि नात उत्तर देताना त्यातलाच शब्द स्वतःच्या भाषेत उलटून विचारते, "व्हाळात म्हणजे त्या ओढ्यात?" दोन-तीनदा चालतं, सतराव्या वेळी पोर मठ्ठ वाटायला लागते.

चकव्याचा चॅप्टरही पडलाय. एकाच आंब्याखाली परत परत येणं वाचायला कंटाळवाणं होतंय, चौथ्या फेरीला मीच पान उलटलं. आजोबा सांगायचे चकवा लागला की चालायचं नाही, उजाडेपर्यंत बसून राहायचं, पण हिरॉइनला चॅप्टरभर बसवून काय करू? बहुतेक तिथेच वेतोबाची एक चपल सापडेल तिला, एकच, आणि दुसरी कुठे आहे हे मला अजून ठरवायचंय.

पुढचं टार्गेट दिवाळीपर्यंत २८ हजार. ज्यांनी गाऱ्हाणं लिहून घेतलंय किंवा घरात कुणी घालतं त्यांनी प्लीज सांगा, मधे नातेवाइकांची नावं कुठल्या क्रमाने येतात तुमच्याकडे, आमच्या गावात दोन काकांचं यावरून एकमत नाही.