घाम, डायरी आणि चूर्णाचा डबा

मला आधी वाटायचं हॉट फ्लश म्हणजे जरा उकडणं. कसलं काय! रात्री अडीच-तीनला छातीतून आगीचा लोळ वर चढतो, मान, कान, केसांची मुळं सगळं पेटतं, गाऊन पाठीला चिकटतो आणि पाच मिनिटांत घाम सुकला की मीच कुडकुडत चादर शोधते. पाळी सलग 12 महिने आली नाही की मेनोपॉज म्हणायचं, पण हा तमाशा त्याच्या बराच आधी सुरू होतो हे कोणी सांगत नाही.

हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती होती, म्हणून वळले जडीबुटीकडे. एकीने ब्लॅक कोहोश सुचवलं, दुसरीने सोयाच्या गोळ्या. सोयातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखे थोडेफार वागतात, पण आतड्यातले जंतू त्यातून इक्वॉल नावाचा जास्त असरदार पदार्थ बनवतात की नाही हे बाईगणिक वेगळं, त्यामुळे तिला लागू पडलं ते मला पडेलच असं नाही. मी ब्लॅक कोहोश घेतलं आणि डायरीत फ्लश मोजायला लागले. दोन महिन्यांत दिवसाला नऊचे पाच झाले, मी खूश, सगळ्यांना सांगत सुटले. मग वाचलं की 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बऱ्याच चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, 16 चाचण्या आणि दोन हजारांवर बायका होत्या, तरी नुसत्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, याने ठोस फरक पडतो असं काही दिसलं नाही, कारण प्लासिबोवाल्यांचेही फ्लश कमी होतातच. जरा चिडचिड झाली खरी.

पण खरा घोळ अश्वगंधाने घातला. झोपेसाठी घरच्या घरी सुरू केलेलं, रोज रात्री एक चमचा चूर्ण. थायरॉइड कमी पडतं म्हणून त्याची गोळी माझी आधीपासूनच चालू. महिन्याभरात छातीत धडधड, हात थरथरायला लागले, वजन उतरलं आणि मी सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकून मोकळी. डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली तर आकडा पार तळाला गेलेला, म्हणजे अंगात थायरॉइड हार्मोन जास्त झालेलं. अजून काय घेताय विचारलं तर मी ठामपणे म्हटलं, काही नाही हो. चूर्ण, काढा, कॅप्सूल? तेव्हा माझी ट्यूब पेटली, माझ्या डोक्यात ते औषध नव्हतंच ना! अश्वगंधाने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, वर माझी गोळी होतीच.

पुढच्या वेळी सगळ्या बाटल्या पिशवीत भरून नेल्या आणि टेबलावर मांडल्या. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतात ती जडीबुटी बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, ते डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत धोकादायक असतं आणि गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांचा असर कमी करतं. ब्लॅक कोहोश घेताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर लगेच बंद करून या म्हणाले, क्वचित लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर कुठलंच चूर्ण नाही, आधी तपासणी.

अश्वगंधा तेव्हाच बंद केलं, धडधड हळूहळू गेली. ब्लॅक कोहोशही सोडून तीन महिने झाले. डायरीत कालचा आकडा, चार.