उपचार संपल्यानंतरची भीती

स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार चालू असताना मी जितकी घाबरले नव्हते, तितकी ते संपल्यावर घाबरले, आणि हे कोणाला समजावून सांगणे अतिशय अवघड गेले. केमो चालू असते तेव्हा आयुष्याला एक वेळापत्रक असते. आधी रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी कमी आल्या तर तारीख पुढे, मग सलाईन, मग मळमळ आणि स्टेरॉइडमुळे न लागणारी झोप, आणि जरा तोंडाला चव येते न येते तोच पुढचा डोस. पुढे काय होणार हा प्रश्न मनात डोकावतो, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला, घरात पेढे आले, सासूबाईंनी नवस फेडला, नातेवाइकांनी 'सुटली एकदाची' म्हणून एकमेकांना फोन केले, आणि त्यानंतरच्या रिकाम्या सोमवारी तो प्रश्न ठाण मांडून बसला.

माझी गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारी होती, म्हणून आता तो परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची एक गोळी रोज आहे; किमान पाच वर्षे, काही जणींना दहा. पाच वर्षे निभावली की आजार संपला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. या प्रकारच्या कर्करोगाला मात्र ते पुरते लागू पडत नाही, कारण तो पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो. उलट ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोन रोखणारी औषधे ज्यावर चालत नाहीत अशा प्रकारात धोका मुख्यतः पहिल्या तीनेक वर्षांत असतो आणि पुढे तो बराच ओसरतो. डॉक्टर टक्केवारी सांगतात आणि ती खरीच असते. पण ती शंभर बायकांविषयी असते, त्या शंभरांत मी कुठे उभी आहे हे ती सांगत नाही.

या अनिश्चिततेवर मला सर्वाधिक वेळा मिळालेला सल्ला म्हणजे 'सकारात्मक राहा, निम्मा आजार मनाचाच असतो.' सांगणाऱ्यांच्या मायेविषयी शंका नाही, पण या वाक्याने मला जितका त्रास दिला तितका गळलेल्या केसांनीही दिला नाही. रात्री रडू आले की त्या रडण्याचीच धास्ती वाटू लागे, जणू प्रत्येक हुंदक्याबरोबर मी एखादी पेशी वाढवत होते. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता, आणि रुग्णाची लढाऊ वृत्ती किंवा हताशपणा यांमुळे आयुर्मानावर अथवा आजार परतण्यावर परिणाम होतो, याला फारसा सुसंगत पुरावा त्यात आढळला नाही. एरवी निराशाजनक वाटावा असा हा निष्कर्ष वाचून मला मोकळे वाटले. रडण्याने माझे नुकसान होणार नव्हते. शिवाय ज्यांचा आजार परत येतो त्यांच्याविषयी 'तिने हिंमतच सोडली हो' असे जे सहज बोलले जाते, ते किती अन्यायाचे आहे हेही तेव्हा लख्ख दिसले.

दुसरा मोह तपासण्यांचा. दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे सबंध शरीरात कर्करोग शोधणारी तपासणी करावी म्हणजे मन शांत राहील, असा माझा हट्ट होता आणि डॉक्टरांनी तो मानला नाही. काही लक्षण नसेल तर सुरुवातीची वर्षे ठरावीक अंतराने प्रत्यक्ष तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पुरेशी असते. लक्षणाविना केलेल्या स्कॅनमुळे आयुष्य वाढत नाही, उलट निरुपद्रवी डाग दिसून बायोप्सीपर्यंत धावपळ होऊ शकते, हे त्यांनी शांतपणे समजावले. हे पटायला वेळ लागला. स्वच्छ रिपोर्टने येणारी शांतता फार तर काही आठवडे टिकते, आणि मग पुढच्या रिपोर्टची वाट सुरू होते, हे मी इतर रुग्णांकडे पाहून ओळखायला हवे होते असे नाही. स्वतःच्या मॅमोग्राफीच्या आधीच्या आठवड्याने ते मला पुरेसे शिकवले. आता पाठ दुखली की डॉक्टरांनी सांगितलेली एक साधी मुदत मी पाळते: नवे दुखणे दोनेक आठवड्यांत कमी झाले नाही किंवा वाढत गेले, तर फोन करायचा. तोवर ती कपडे वाळत घालताना भरलेली पाठ.

घरात बोलायचे कसे, याचा तोडगा अनपेक्षित ठिकाणी सापडला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉ. जिमी हॉलंड यांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या मनाचा अभ्यास ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी केली. त्या परंपरेतून आलेली एक पट्टी आता अनेक रुग्णालयांत वापरतात: गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते शून्य ते दहा या आकड्यांत दाखवायचे. साधारणपणे चार किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर अधिक चौकशी करण्याची गरज मानली जाते. 'कशी आहेस?' या प्रश्नाला आपल्या घरांत 'बरी आहे' हेच उत्तर ठरलेले असते. आकडा मात्र खोटा सांगवत नाही. मी नवऱ्याला 'आज सहा' एवढेच सांगते. तो उपदेश करत नाही, कुकर लावतो आणि मुलीचा अभ्यास घ्यायला बसतो.

आकडा बरेच दिवस खाली येईना तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ही सोय बहुधा असते, फक्त ती आपणहून विचारावी लागते. जाताना औषधांची चिठ्ठी आठवणीने न्यावी, कारण पॅरॉक्सेटिनसारखी नैराश्यावरची काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. माझ्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहूनच वेगळी गोळी निवडली, आणि तिचा उपयोग होत आहे.