डे एंड झाला का?

तेरा वर्षं मी बेळगाव शहरात पोस्टमन होतो. सकाळी आठला सगळे एका टेबलाभोवती. टपाल लावता लावता शेजारच्याच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं, याचं रात्री घरी काहीतरी बिनसलंय, किंवा काल एखादी मनीऑर्डर भलत्याच माणसाच्या हातात गेलीय. २०२१ साली मी मेल ओव्हरसियर, म्हणजे गावोगावची छोटी पोस्टं फिरून तपासणारा, झालो आणि खानापूर तालुक्यातली चोवीस ब्रँच ऑफिसं माझ्या वाट्याला आली. चेहरे गेले. त्यांच्या जागी मोबाईलवर चोवीस गोल फोटो आले. त्यातले निम्मे गणपतीचे, उरलेले पोराबाळांचे.

ज्यांनी फक्त शहरातलं पोस्ट बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो. ब्रँच ऑफिस म्हणजे बहुतेक ठिकाणी बीपीएमच्या, म्हणजे गावच्या ब्रँच पोस्टमास्तरच्या, घराची पुढची खोली. एक टेबल, पैशाची लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का, वजनकाटा आणि आता एक मोबाईल. काम कागदावर चार तासांचं नाहीतर पाच तासांचं. चार तासांच्या बीपीएमचा भत्ता १२,००० पासून सुरू होतो, वर महागाई. टपालाची बॅग बसमधून येते, बसमधूनच परत जाते. बस चुकली तर बॅग चुकली. अशी ही माणसं वर्षभर एकटी बसतात. मी महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून जातो, पासबुकं तपासतो, कॅश मोजतो, चहा पितो आणि पुढच्या गावाला लागतो. जुलै-ऑगस्टात तेवढंही जमत नाही.

माझ्या हद्दीचा पूर्वेकडचा तुकडा बिडी-इटगीच्या अंगाचा, तिथं कन्नड जास्त. पश्चिमेला जांबोटी ओलांडली की मराठी आणि जंगल. पुढं कणकुंबीला मलप्रभा उगवते, त्याच्या पुढं गोवा. पूर्वेला धुळीनं डोळे भरतात त्याच दिवशी पश्चिमेला रेनकोट घालून रस्त्यावर पडलेलं झाड ओलांडावं लागतं. एवढ्या टापूतल्या माणसांना मी एका व्हॉट्सॲप ग्रूपमध्ये कोंबलं आणि समजलो, टीम तयार झाली.

पहिली तीन वर्षं मी काय केलं? जे माझ्यावर झालं होतं तेच केलं. रोज साडेसहाला ग्रूपवर एक ओळ : ‘डे एंड झाला का?’ म्हणजे दिवसाचा हिशेब जुळवून बंद केला का? खाली तक्ता. किती आरडी खाती, किती सुकन्या, ग्रामीण विम्याचे प्रस्ताव किती. शून्य असेल तिथं लाल रंग. उत्तरादाखल अंगठे यायचे. चोवीस अंगठे आले की मी निवांत जेवायचो. आता वाटतं, अंगठ्यासारखी फसवी गोष्ट नाही. तो दाखवायला काही मोजावं लागत नाही.

ओव्हरसियरची जागा मोठी विचित्र. वर इन्स्पेक्टर साहेब, खाली बीपीएम, मध्ये आम्ही. मला कुणावर कारवाई करता येत नाही, फक्त रिपोर्ट लिहिता येतो. त्यामुळं मी स्वतःला साहेब कधी समजलोच नाही. पण जंगलातल्या गावात एकट्या बसलेल्या विशीतल्या पोराला मी साहेबच दिसतो, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

तो पोरगा विजापूरकडचा. ग्रामीण डाक सेवकांची, म्हणजे बीपीएमचीसुद्धा, भरती हल्ली ऑनलाईन होते, दहावीच्या मार्कांवर. मुलाखत नाही, परीक्षा नाही. कर्नाटकात भरती व्हायचं तर कन्नड पाहिजे. मग होतं असं, की ज्या गावात देवळातल्या भजनापासून भांडणापर्यंत सगळं मराठीत चालतं, तिथं ज्वारीच्या मुलखातला कन्नड पोरगा येऊन पोस्टाची पेटी उघडतो. गावातल्या एका आजीनं त्याला पुढची खोली भाड्यानं दिली होती. तिथंच ऑफिस, तिथंच अंथरूण.

जुलै २०२४. पाऊस धो धो. त्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जमा झालेले. २०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटकात घरच्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० मिळतात, आणि ते काढायला बाया तालुक्याच्या बँकेऐवजी गावच्या पोस्टात येतात. आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, पैसे घ्यायचे. ऐकायला सोपं आहे. रोपलावणीच्या दिवसांत बायांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. चिखलानं, पाण्यानं बोटं सुरकुतलेली. पदराला पुसून, खोबरेल चोळून, दहादा ठेवून एकदा लागतो.

त्या दिवशी दोन बायांचा अंगठा लागला आणि नेमकी रेंज गेली. मशीनवर चक्र फिरत राहिलं, पण बायांच्या मोबाईलवर पैसे कटल्याचा मेसेज आला. पोरानं मेसेज बघून दोघींना दोन-दोन हजार देऊन टाकले. रात्री तो व्यवहार उलटला आणि पैसे परत त्यांच्या खात्यात गेले. हिशेबात व्यवहार नाही, पेटीत चार हजार कमी.

साडेसहाला मी विचारलं, डे एंड झाला का? त्याचा अंगठा आला.

मला हे कळलं अकरा दिवसांनी, आणि तेही कुठल्या रिपोर्टातून नाही. मी व्हिजिटला गेलो, रेनकोट काढून ओसरीवर वाळत घालत होतो, तेवढ्यात आजी हळूच म्हणाली, “पोराला पगार पुरंना काय वो साहेब? माझ्याकडनं दीड हजार घेतलंय. आन् जेवतंय बी एकदाच.”

आत जाऊन कॅश मोजली. अडीच हजार कमी. पुन्हा मोजली. तो भिंतीला टेकून उभा. तोंडातून शब्द नाही. मग म्हणाला, “लेक्क ताळे आगतिल्ल, सर.” हिशेब जुळत नाहीये. कन्नडमध्ये ‘ताळे’, आपल्याकडे ‘ताळा’. गंमत बघा, शब्दाचा ताळा लागतोय, माणसांचा नाही.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी फोन का नाही केलास? त्यानं खिशातून मोबाईल काढला, ग्रूप उघडला आणि बोटानं वर वर सरकवत गेला. थांबला तो जून महिन्यातल्या माझ्याच एका मेसेजवर. दुसऱ्या एका ऑफिसातल्या अक्कांच्या कॅशमध्ये दोनशे रुपयांची चूक झाली होती आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं होतं : ‘हिशेब येत नसेल तर घरी बसा.’ त्याला मराठी वाचता येत नव्हती. त्यानं ते मोबाईलवर कन्नडमध्ये करून घेतलं होतं. मराठीत ते वाक्य आपण दिवसातून चार वेळा कुणाला तरी ऐकवतो. आमच्याकडं ते जावयालासुद्धा म्हणतात. पण सूर जाऊन नुसते शब्द कन्नडमध्ये उतरले, तेव्हा तो वरच्याचा हुकूम झाला होता. पोरानं त्याचा अर्थ काढला : कॅश कमी आली तर नोकरी गेली.

रूल रूलच्या जागी. कॅश कमी असताना पूर्ण दाखवणं ही पोस्टात लहान गोष्ट नव्हे. मी जाणलेल्या बऱ्याच मोठ्या अफरातफरींची सुरुवात अशाच हजार-दोन हजारांनी झालेली आहे. आज झाकायचं, उद्या कुणाच्या तरी आरडीचे पैसे एक दिवस उशिरा लावायचे, आणि मग त्या एका दिवसाचे सहा महिने होतात. म्हणून मी पांघरूण घातलं नाही. त्याच्यासमोर बसून इन्स्पेक्टर साहेबांना फोन लावला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. म्हटलं, तुझ्या तोंडानं सांग. त्यानं सांगितलं. गावाकडून भावानं पैसे पाठवले, त्याच दिवशी भरणा झाला. पोरानं लेखी जबाब दिला, ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. व्हिजिटचा रिपोर्ट मी जसा लिहायला पाहिजे तसाच लिहिला. त्यात लिहायला जागा नव्हती ती एवढ्याच गोष्टीला, की अकरा दिवस त्या पोराला एकवेळ जेवायला लावणारा मेसेज माझा होता.

परतताना घाटात गाडी लावून ग्रूपवरचे माझे सहा महिन्यांचे मेसेज वाचले. एकात तरी ‘जेवलास काय’ असेल म्हणून शोधत होतो. नव्हतं.

मग बदल केले. कुठल्या ट्रेनिंगमधून आणलेले नव्हते, जसे सुचले तसे केले.

पहिला : लाल-हिरवा तक्ता ग्रूपवरून बंद. ज्याचा आकडा त्याला फोनवर. साहेबांना तक्ता जातो, त्यांना तो लागतोच, पण तो वर जातो, आडवा पसरत नाही. दुसरा : कॅश एक रुपया जरी कमी-जास्त असली तरी पेटी बंद करायच्या आधी मला फोन, आणि त्या फोनवर मी रागवणार नाही. दुसऱ्या दिवशी रागवेन, त्या दिवशी नाही. लोक हसले. पहिला महिनाभर कुणाचाच फोन आला नाही. चोवीस ऑफिसांत महिनाभर एकाचीही कॅश चुकली नाही यावर फक्त देवच विश्वास ठेवेल. मग ज्या अक्कांना मी जूनमध्ये बोललो होतो त्यांचा फोन आला. साठ रुपये जास्त. माझी परीक्षाच बघत होत्या, हे मला आवाजावरूनच कळलं. मी नुसतं म्हणालो, “तिकिटांचा हिशेब बघा की एकदा.” तिथंच होते. रात्री मी त्यांची त्या मेसेजबद्दल माफी मागितली, आणि बोललो होतो सगळ्यांसमोर म्हणून माफीही ग्रूपवरच, आवाजात.

आवाजाचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात बरीच माणसं दोन्ही भाषा बोलतात पण एकच सरावानं वाचतात. पश्चिमेकडच्या मराठी शाळेतून आलेल्यांना कन्नड सर्क्युलर वाचायला वेळ लागतो, पूर्वेकडच्यांचं देवनागरीचं तेच. मी टायपिंग सोडलं आणि बोलायला लागलो, अर्धं मराठी, अर्धं कन्नड, जसं खानापूरच्या बाजारात बोलतो तसं. बाहेरच्यांना वाटतं आम्ही सीमाभागातले दिवसभर भाषेवरून भांडतो. आमचं भांडण खरं तर रेंजशी असतं.

तिसरा बदल जास्त चालला. चार-चार ऑफिसांच्या जोडण्या केल्या. नकाशा बघून केल्या असत्या तर फसल्या असत्या. कुणाकडं रेंज टिकते, कुणाला दुसऱ्याची भाषा येते, कुणाच्या स्वभावात ऐकून घेणं आहे, ते बघून केल्या. विजापूरच्या पोराला अक्कांच्या चौकडीत टाकला. दोन महिन्यांत तो त्यांना ‘अक्का’ आणि मला ‘सर’ऐवजी ‘अण्णा’ म्हणायला लागला. दोन्ही शब्द दोन्ही भाषांत चालतात, हे एक बरं.

भीमगड अभयारण्याच्या अंगाला एक ऑफिस आहे, तिथले बीपीएम डे एंड करायला उतारावरच्या एका खडकावर जायचे, कारण रेंज तिथंच. मी साडेसहाला विचारायचो तेव्हा ते अंधारात त्या खडकावर उभे असायचे, आणि त्या बाजूला अस्वलं आहेत. हे त्यांनी मला तीन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. चौकडीतल्या पोरानं सांगितलं. साहेबांशी बोलून त्यांची वेळ दुपारी घेतली. ‘डे एंड झाला का’ हा प्रश्न मी त्यानंतर विचारलेला नाही.

२०२५ च्या मे-जूनमध्ये कर्नाटकात नवीन सॉफ्टवेअर आलं, एपीटी. देशभरात ४ ऑगस्टपर्यंत पोचलं, आम्ही त्याच्या आधी. नेमका पावसाळ्याच्या तोंडावरचा मोसम. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून ट्रेनिंग झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पहिल्या सकाळी अकराला माझ्या मोबाईलवर सतरा मिस्ड कॉल. एकट्याला उचलणं शक्यच नव्हतं. तेव्हा चौकड्या कामाला आल्या. विजापूरच्या पोरानं स्वतःचं लॉगिन जमवलं आणि मग एकेकाला फोन लावून, “अक्का, खाली उजवीकडं बघा, निळं काय दिसतंय?” असं करत मोडक्यातोडक्या मराठीत सात ऑफिसं उघडून दिली. कॅशमध्ये चुकलेला तोच, आणि कुठं काय अडकतं हे सगळ्यात जास्त माहीत असलेला पण तोच.

तो आता नाही. बदलीचा अर्ज केला होता, घराजवळचं ऑफिस मिळालं. आजी त्याला बसपर्यंत सोडायला गेली. दीड हजार त्यानं कधीच फेडले होते, तरी जाताना पाचशेची साडी दिली म्हणून ती गावभर सांगते.

त्याच्या जागी बिदरकडची एक मुलगी आलीय. परवा जांबोटीच्या टपरीवर चहा हातात घेतला आणि तिचा फोन. चार वाजून दहा मिनिटं. आवाज कापत होता. चाळीस रुपये कमी आहेत म्हणाली. म्हटलं, पेटी बंद करू नकोस, सावकाश परत मोज. टपरीवाला बघायला लागला, चाळीस रुपयांसाठी एवढा वेळ फोन? दुसरा चहा संपेपर्यंत तिचा आवाजी मेसेज आला : दहाच्या चार नोटा शिक्क्याच्या पॅडखाली चिकटल्या होत्या, आणि आता सगळ्यांवर शाई लागलीय, त्या चालतील काय?

चालतील म्हणालो आणि गाडीला किक मारली. कणकुंबीच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं.